राजगिऱ्यावर हक्क सांगणाऱ्या बाई

आमच्या दवाखान्यात एक बाई होत्या. खाण्याची कोणतीही चांगली वस्तू त्यांच्यासमोर धरली, की त्या आधी तिचा वास घ्यायच्या, मग डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हे आमचं."

पेरू आमचा. सीताफळ आमचं. चिकू आमचा, पपई आमची, मका तर आमचाच. बटाटा त्यांच्या देशाचा नव्हता, त्यांच्याही खाली कुठल्या तरी दुसऱ्या देशाचा होता, हे त्यांनीच एकदा कबूल केलं. पण शेजाऱ्याचं ते आपलंच, असं म्हणून त्यांनी तोही घेतला. दसऱ्याला कंपाउंडर भाऊंनी दवाखान्याच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं, तर बाई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"तुमी माह्या देशाचं फूल दाराले बांधलं. लय उपकार झाले."

"बाई, आमी हे आज्याच्या काळापासून बांधून राह्यलो," कंपाउंडर भाऊ म्हणाले.

"त्याच्या आधी?"

कंपाउंडर भाऊंना आजोबांच्या आधीचं काही माहीत नव्हतं. ते स्टुलावरून उतरले आणि दिवसभर तोरणाकडे संशयाने पाहत राहिले.

बाई मेक्सिको देशाच्या. नर्स होत्या आणि मिशनच्या सिस्टरही होत्या, पण त्यांना सगळे बाईच म्हणायचे. भामरागडकडच्या जंगलात आमचा तो दवाखाना होता. माझे यजमान तिथल्या जीपचे ड्रायव्हर होते आणि मी स्वयंपाकघरात होते. मी कुरखेड्याकडची. चौथीनंतर शाळा सुटली होती आणि पृथ्वीचा गोळा मी कधी पाहिला नव्हता. म्हणून त्यांचा देश कुठे आहे हे सांगायला बाईंनी एक पिकलेली पपई घेतली आणि तिच्यावर पेनने चित्र काढलं. इकडून इंडिया, पपई फिरवली की पलीकडून मेक्सिको, मधे सगळं पाणी. मग तीच पपई आम्ही कापली. त्यांचा देश माझ्या वाट्याला आला, त्यावर त्यांनी तिखट भुरभुरवून दिलं. गोड फळावर तिखट घातल्याशिवाय त्यांना चव लागत नसे. आंब्यावर तिखट, चिकूवरही तिखट.

मी कोणाशी फारसं बोलत नसे. सुरुवातीला बाईंना वाटलं मी मुकी आहे. एकदा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, आ करायला लावलं आणि घशात बॅटरी मारून पाहिली.

"घसा तं चांगला हाये," त्या म्हणाल्या. "मग बोलत काऊन नाई?"

यावर काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून मी बोलले नाही. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्या स्वतः दोघींपुरतं बोलायच्या. पांढरी साडी, खाली फॉरेस्टवाल्यांसारखे बूट, आणि तोंडात आमची झाडीची बोली. मराठी त्या वॉर्डातल्या आयांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे चंद्रपूरहून कोणी मोठे डॉक्टर आले की त्यांना बाईंचं मराठी ऐकून हसू आवरत नसे. त्यांचा आवडता शब्द काऊन. ताप आला, काऊन? जीप बंद पडली, काऊन? पाऊस थांबला, काऊन? देवाला प्रार्थना करतानासुद्धा त्या मधेच थांबून वर पाहायच्या. मला वाटायचं तिथेही तेच विचारत असतील.

राजगिऱ्याचं भांडण आलापल्लीच्या बाजारात झालं. तिथे एका चाचांचं किराणा दुकान होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या बत्तासे आणि होळीच्या गाठी ओतायचं काम. एकादशी जवळ आली होती, म्हणून चाचांनी राजगिऱ्याचे लाडू बरणीत भरून समोर ठेवले होते. बाईंनी एक उचलला, वास घेतला आणि दुकानातच ओरडल्या. मला वाटलं विंचू चावला.

"हे आमचं!"

"तुमचंच समजा, बाई," चाचा म्हणाले. "रुपयाले एक."

"नाई, नाई. खरंच आमचं हाये. आमी याले अलेग्रिया म्हन्तो. त्याचा अर्थ होते, खुशी."

मग त्या तिथेच गोणीवर बसल्या आणि सगळं सांगू लागल्या. फार जुन्या काळी त्यांच्याकडचे लोक राजगिऱ्याच्या पिठात मध घालून देवाच्या मूर्ती करायचे, त्यांची पूजा करायचे आणि मग मूर्ती मोडून सगळ्यांनी खायच्या. समुद्रापलीकडून दुसरे राजे आले. त्यांना हे देव खाणं पाहून भीती वाटली, म्हणून त्यांनी राजगिरा पेरायलाच बंदी केली. लोकांनी मग डोंगरात लपून लपून पेरला.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाईकही थांबलं.

"म्हंजे बाई, जो दाना तुमच्या राजानं बंद केला, तो आमच्याकडं देवाच्या उपासाले चालते."

"हो."

"अन् विकतो मी. मी तं हा उपास करतच नाई." चाचा हसले. "दान्याचं नशीब पाहा."

त्या दिवसापासून बाईंना उपासाचा नाद लागला. त्यांनी उपास केला नाही, दुसऱ्यांच्या ताटात डोकावायला सुरुवात केली. महाशिवरात्रीला कंपाउंडर भाऊ जेवायला बसले, की बाई पुढे स्टूल घेऊन बसायच्या. साबुदाणा? तो ज्या कंदाचा होतो तो कंद आमच्या बाजूचा. शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, सगळं आमच्या बाजूचं. राजगिरा तर आमचाच. "उपास तुमचा, ताट माहं," असं म्हणून त्या खुशीत उठून जायच्या.

"मग आमचे जुने लोक उपासाले काय खाऊन राह्यले होते?" कंपाउंडर भाऊंनी एकदा माझ्या यजमानांना विचारलं.

"काही खात नसतीन," यजमान म्हणाले. "म्हनून तं त्याले उपास म्हन्ते."

कंपाउंडर भाऊंचा आणि बाईंचा एकमेकांवर जीव होता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढची गोष्ट वाचून तसं वाटणार नाही.

बाईंच्या देशात दिवाळीच्या आसपास मेलेल्या माणसांचे दिवस असतात. मेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, झेंडू ठेवायचा, त्यांना आवडणारं गोडधोड ठेवायचं. आणि साखरेच्या कवट्या करायच्या. कवटीच्या कपाळावर नाव लिहून ती मित्राला प्रेमाने भेट द्यायची. एका वर्षी बाई मातीचा साचा घेऊन चाचांकडे गेल्या.

"बाई, मी गाठी ओतल्या, बत्तासे ओतले," चाचा म्हणाले. "मानसाचं मुंडकं काई ओतलं नाई."

"साखर तेच, पाक तेच. काऊन नाई होनार?"

"होईन. पन डोळे मी करत नाई. डोळे तुमचे तुमी लावा."

चाचांनी कवट्या फार सुबक ओतल्या. बाईंनी चिंचोके लावून डोळे केले आणि सगळ्यात मोठ्या कवटीच्या कपाळावर गुलाबी साखरेने कंपाउंडर भाऊंचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सकाळी ते औषधाच्या खोलीत आले, तर टेबलावर स्वतःचीच कवटी हसत बसलेली.

ते रजा टाकून गावी गेले. त्यांच्या घरच्यांनी उंबरठ्यावर लिंबू कापलं, नारळ फोडला, अंगारा लावला. बाईंना हे कळलं तेव्हा त्या रडकुंडीला आल्या. जीप काढायला लावली, त्यांच्या घरी गेल्या आणि दारात उभ्या राहून सगळ्यांसमोर स्वतःच्या नावाची कवटी कराकरा खाऊन दाखवली. कंपाउंडर भाऊ दुसऱ्या दिवशी कामावर आले. त्यांची कवटी पुढे खोकल्याच्या औषधाच्या कपाटात ठेवली होती. तिला मुंग्या लागल्या तेव्हा त्यांनीच हळहळून ती पुसून घेतली.

पण बाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. ते म्हणजे एक म्हातारी.

दवाखान्याला लागून माडिया लोकांची वस्ती होती. तिथली ही म्हातारी. बाजारापुरती मराठी तिला येत होती, आणि भांडायला तेवढी पुरायची. वस्तीत कोणी बाळंत होणार असलं की ती पोरीला हाताला धरून दवाखान्यात आणायची आणि बाईंच्या हवाली करायची. स्वतःही सुई टोचून घ्यायची, गोळी गिळायची. बाईंवर तिचा पूर्ण विश्वास. फक्त बाईंच्या हातचं गोड ती खात नसे. बाई दरवर्षी त्या मेलेल्यांच्या दिवशी सगळ्या वस्तीला बोलवायच्या आणि आईच्या पद्धतीची खीर करायच्या. तांदूळ, दूध, साखर, दालचिनी. त्यांच्या भाषेत नाव लांबलचक होतं, अर्थ दूधभात. वस्तीतले लोक भिडेखातर द्रोण हातात घ्यायचे आणि बाईंची पाठ वळली की खाली ठेवायचे. आमच्या दवाखान्याची कुत्री फार जाड होती.

म्हातारी तर द्रोणही हातात घेत नसे. दोन्ही हात मागे बांधून उभी राहायची.

"माही कडू गोळी खाते," बाई मला म्हणायच्या, "माहं गोड खात नाई. काऊन?"

एक कारण सगळ्यांना माहीत होतं. ते लोक जनावराचं दूध काढत नाहीत. दूध वासराचं, पिल्लाचं, असं मानतात. बाईंना वाटायचं गाईचं नको असेल, शेळीचं चालेल. म्हणून त्यांनी एक शेळी विकत घेतली. त्यांच्या देशात शेळीचं दूध साखर घालून, खायचा सोडा टाकून, तपकिरी होईपर्यंत आटवतात. काहेता म्हणतात. लाकडाच्या डबीत भरून ठेवायचे, त्या डबीवरून नाव पडलं. हे पदार्थ पूर्वी त्यांच्याकडच्या मठातल्या सिस्टर लोक करायच्या, म्हणून बाईंना ते आपलं धर्मकार्यच वाटायचं.

शेळी पिळायला बाई बसल्या की वस्तीतली सगळी पोरं कुंपणावर बसायची. बाई गाणं म्हणायच्या, कारण गाण्याशिवाय शेळी उभी राहत नसे. गाणं संपलं की शेळी लाथ मारायची. एकदा म्हातारी पाहायला आली. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढी मोठी बाई, पिल्लाचं पिते. दात नाई का तुले?"

पोरं कुंपणावरून पडली.

पण म्हातारी नुसती बोलून थांबली नाही. बाई पिल्लाला वेगळं बांधून ठेवायच्या, तर रोज पहाटे पिल्लू सुटलेलं असायचं आणि शेळीची कास रिकामी. बाईंनी दोर बदलला, साखळी आणली, दाराला कडी लावली. तरी पिल्लू सुटायचंच. कोण सोडतं हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. त्या समोरासमोर विचारायच्या, "पिल्लू कोनं सोडलं?" आणि म्हातारी म्हणायची, "त्याले भूक लागली असन." ते पिल्लू जिल्ह्यातलं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू असेल. पुढे बाई देशी गेल्यावर शेळी आणि पिल्लू दोन्ही म्हातारीकडेच गेली. त्यानंतर त्या शेळीला कोणी हात लावला नाही.

बाईंचे गुडघे गेले होते. पायऱ्या चढवेनात, तेव्हा मिशनच्या मोठ्या लोकांनी त्यांना परत देशी जायला सांगितलं. हिवाळ्याच्या आधी जायचं ठरलं. त्यांची आई मधल्या काळात तिकडे वारली होती. तिचं कळायलाच इतके दिवस लागले की जाऊन काही उपयोग नव्हता. आता मेलेल्यांचे दिवस इथे शेवटचेच. बाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या.

"जायच्या आधी त्या बुढीनं एक डाव माह्या हातचं खावं. एक घास. बाकी मले काई नको."

आणि नेमकी त्याच आठवड्यात शेळी आटली.

"दूध नाई तं गोड कायचं करू?" त्या हातावर हनुवटी ठेवून बसल्या. मी तांदूळ निवडत होते. इतक्या वर्षांत त्यांनीच तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं. तांदूळ त्यांच्याकडे जहाजातून आला. गाई-शेळ्या जहाजातून. ऊस आणि दालचिनीसुद्धा इकडूनच कुठून तरी फिरत फिरत तिकडे गेली. कशी काय माझी हिंमत झाली माहीत नाही, पण मी विचारलं.

"बाई, मग त्या खिरीत तुमचं काय आहे?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी बोटांवर एकेक मोजलं, पुन्हा मोजलं. त्यांचा आवाज बंद झाला म्हणून शेजारची आया डोकावून गेली.

"खरवड," शेवटी त्या म्हणाल्या. "माही माय खीर मुद्दाम तळाले लागू देत जाय. खरवडून मले देत जाय. तेवढीच आमची."

मग त्या एकदम उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं त्यांना भान राहिलं नाही. "जहाज यायच्या आधी दूध नव्हतं! साखर नव्हती! तवा आमचे लोक काय खात होते?"

मी मान हलवली. ते मला माहीत होतं.

यजमान जीप घेऊन आलापल्लीला गेले. उपासाचे दिवस नव्हते, पण चाचांनी माळ्यावरून राजगिरा काढून दिला. "घेऊन जा. बाईचाच हाये," म्हणाले. मध वस्तीतून आला. म्हातारीच्याच मुलाने झाडावरून काढलेला, काळा आणि घट्ट. मी तवा तापवून राजगिरा फोडायला बसले. लाह्या गारांसारख्या उडायला लागल्या, माझ्या केसांत, बाईंच्या पदरात, पिण्याच्या पाण्यात. बाई गात होत्या. शेळीचंच गाणं होतं ते.

व्हरांड्यात टेबल मांडलं. बाईंच्या आईचा फोटो, एक मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि कंपाउंडर भाऊंनी आणलेला टोपलीभर झेंडू. "तुमचंच फूल तुमाले," असं म्हणून त्यांनी टोपली ठेवली. वस्ती जमली. बाईंनी ताटातला पहिला लाडू उचलला आणि सगळ्यांतून वाट काढत म्हातारीपुढे गेल्या.

म्हातारीचे हात मागे गेले.

"दूध नाई यात," बाई म्हणाल्या. "एक थेंब नाई. येशूची शपथ."

"ठाऊक हाये मले. शेळी तं आटली."

"मग काऊन?"

म्हातारीने टेबलाकडे हनुवटी केली. "ते कोन?"

"माही माय."

"तिनं खाल्लं?"

"ते मेली."

"मी कुठी म्हनलं जिती हाये? खाल्लं का?"

बाईंनी वळून फोटोकडे पाहिलं.

"दरसाली पाह्यतो मी," म्हातारी म्हणाली. "मायले समोर बसवते अन् आमाले वाटत फिरते. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिच्यापुढं. उपाशी मायसमोर बसून कोन खाईन? आमी आमच्या जुन्या लोकायले देल्याबिगर दाना तोंडात घालत नाई."

बाई हळूच कंपाउंडर भाऊंकडे वळल्या. "आमच्याकडंही आधी मेलेल्यायचंच असते. पन तुमी मले शिकवलं, पाहुन्याले आधी द्या."

"मी जित्या पाहुन्याचं सांगतलं होतं, बाई," कंपाउंडर भाऊ पुटपुटले.

बाई परत गेल्या आणि तो लाडू आईच्या फोटोपुढे ठेवला. आता वाट पाहायची होती. मेणबत्ती वितळत होती. बाई फोटोकडे पाहत होत्या आणि म्हातारी लाडवाकडे. खूप वेळाने झेंडूच्या देठावरून एक मुंगी उतरली, पेल्याला वळसा घालून आली आणि लाडवावर चढली.

"आली," म्हातारी म्हणाली. "खाऊन राह्यली."

बाईंनी पदराने डोळे पुसले. म्हातारीने मागचे हात पुढे घेतले, ताटातला एक लाडू उचलला आणि खाली बसून खायला लागली. दात थोडेच होते, त्यामुळे वेळ लागला. बाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, नवीन भाजी केली की आम्ही खाणाऱ्याकडे पाहतो तशा. म्हातारीने बोटं चाटली आणि वर पाहिलं.

"हे आमचं," ती म्हणाली.

माझ्या यजमानांना खोकला आला. कंपाउंडर भाऊ खांबाला नीट टेकून उभे राहिले, आता भांडण ऐकायला मिळणार म्हणून. बाईंचं तोंड उघडलं होतं. त्या उघड्या तोंडात राजे होते, देवाच्या मूर्ती होत्या, डोंगरात लपवलेला राजगिरा होता. आम्हाला सगळं पाठ होतं.

बाईंनी तोंड मिटलं. म्हातारीशेजारी जमिनीवर बसायला गेल्या, पण गुडघे वाकेनात. म्हातारीने हात धरून त्यांना खाली ओढलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तुमचंच."

म्हातारीचं समाधान झालं. तिने ताटातला दुसरा लाडू घेतला आणि बाईंच्या हातावर ठेवला, घरी आलेल्या माणसाला देतात तसा.

"घे. आमचं खाऊन पाय."

बाईंनी आधी वास घेतला. मग डोळे मिटले. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो, पण त्या काहीच म्हणाल्या नाहीत. नुसत्या खात राहिल्या.